आईची बडबड

तंबूची खुंटी उपटायला बाबांनी हात घातला, तो खुंटी सोडून शेजारच्या वाळूत.

"अहो, तुमच्या डावीकडे खेकडा बघा, केवढा!" डबे बांधता बांधता आई म्हणाली.

बाबांचा हात डावीकडे सरकला आणि खुंटी निघाली. लेकीला मात्र खेकडा काही दिसला नाही.

घरातून निघाल्यापासून हे असंच चाललं होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला माडांची रानं, वाटेत ना गाव ना माणूस, आणि गाडीत आईच्या तोंडाला खळ नाही. "अगबाई, माड आडवा झालाय पुढे!" "त्या खड्ड्यात किती बगळे उतरलेत!" "वाट उजवीकडे वळली की कसं गार वाटतं, नाही?" बाबांनी आयुष्यभर बस चालवलेली. स्टिअरिंगवर बसले की ध्यानाला बसल्यासारखे बसत. आता वय झालं, थोडं मी चालवते, असं लेकीने दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"मी असताना?" बाबा म्हणाले होते, आणि विषय तिथेच मिटला होता.

"सासूबाई, रेडिओ जरा बंद ठेवायचा का?" मागच्या सीटवरून जावई म्हणाला.

"जावईबापू, हा रेडिओ ह्यांना लग्नात मिळालाय. बंद करायचं बटण माहेरीच राहिलं."

सगळ्यात मोठ्याने बाबा हसले.

दुपारी खाडी आडवी आली. ओहोटी लागली की गाड्या पाण्यातूनच पलीकडे जात. तळाशी घट्ट वाळूचा पट्टा होता, त्याच्या दोन्ही कडांना बांबू रोवलेले. बांबूंच्या मधून गेलं तर चाकं भिजतील तेवढीच. बाहेर गेलं तर चिखल, अख्खी गाडी पोटात घेणारा.

बाबांनी पाण्याच्या काठाशी गाडी आणली. आणि आई गप्प झाली.

लेकीला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं, इंजिन गुरगुरतंय, पण गाडी हलत नाही. बाबांची मान किंचित आईकडे कलली होती. कीर्तनात बुवांचा श्वास सरतो, आणि आता मागचे टाळकरी ध्रुपद उचलतील म्हणून ते क्षणभर निर्धास्त थांबतात, तसे बाबा थांबले होते. ध्रुपद कुणी उचलेना.

आई मांडीवर हात घट्ट गुंफून बसली होती.

"बांबू लावलेत का गं?" बाबांनी हळूच विचारलं.

बांबू समोर होते. टोकांना लाल चिंध्या फडफडत होत्या. खेकडा, बगळे, आडवा माड. आईची सगळी बडबड तिच्या कानात पुन्हा वाजू लागली, या वेळी शब्दन् शब्द.

"लावलेत," आई म्हणाली. "पण इथं माझी जीभ रेटत नाही हो. मागे पोरं बसलीत."

बाबांनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, देवघरातली मूर्ती पुसावी तसा. इंजिन बंद केलं. खाली उतरले, गाडीला हात लावत लावत मागच्या दाराशी आले आणि किल्ली पुढे केली.

"पहिल्या गिअरवर घे. मध्ये क्लचला पाय लावायचा नाही. पाण्यात थांबायचं नाही."

"हो, बाबा."

आई मागे जावयाशेजारी जाऊन बसली, बाबा तिच्या जागेवर. गाडी पाण्यात शिरली. मागून चकार शब्द येत नव्हता. बाबा ताठ बसले होते, तळवे गुडघ्यांवर दाबून. त्यांचा उजवा पाय, नसलेल्या ब्रेकवर, पुन्हा पुन्हा रुतत होता.

लेकीने घसा खाकरला.

"बाबा, डावीकडच्या बांबूवर खंड्या बसलाय," ती म्हणाली. "निळाशार. अगदी टोकावर."

"असं?"

बाबांनी पाठ सीटला टेकवली. पाय सैल सोडला.

"बरं, मग? पुढे?"