निळा ठिपका

डोंगरातल्या मल्हाडी गावच्या लोकांना नकाशा काढायची इतकी सवय झाली होती, की देवयानीने पिशवीतून रंगाच्या पुड्या काढायच्या आधीच दोघांनी अंगण झाडून ठेवलं होतं.

"पांढऱ्याने रस्ते, हिरव्याने जंगल, निळ्याने पाणी," एकजण म्हणाला. "मागच्या वेळी पिवळाही होता. आणलाय ना मॅडमजी?"

पिवळाही आणला होता. गावाच्या पाणलोट आराखड्याला गावकऱ्यांनी स्वतः जमिनीवर काढलेला नकाशा जोडावाच लागतो, असा नियम होता. देवयानीला तो मनापासून पटायचा. परभणीला मृदाशास्त्र शिकून ती चंदीगडला आली, त्याला चार वर्षं झाली होती. सेक्टर चौतीसमधल्या तिच्या संस्थेचे प्रमुख अच्युत सर मूळचे नागपूरचे, पण वीस वर्षांत त्यांच्या मराठीत 'पक्का' आणि 'यार' कायमचे मुक्कामाला आले होते. ते आज स्वतः आले होते, हातात कॉम्प्युटरवरून काढलेला नकाशा घेऊन.

वीस मिनिटांत गाव तयार झालं. नव्या बंधाऱ्याचा निळा ठिपका तिसऱ्या नाल्यात पडला, कॉम्प्युटरने निवडला होता अगदी तिथेच. अच्युत सर गहिवरले.

"बघ देवयानी, शास्त्र आणि लोक, दोघांचं एकमत! असं कधी होत नाही, यार."

फोटो निघाले, चहा आला. देवयानी मातीचे नमुने काढायचं गिरमिट घेऊन तिसऱ्या नाल्याकडे गेली. या डोंगरात हातभर खाली गेलं की दगड लागतो. इथे गिरमिट कमरेइतकं खाली गेलं आणि थरावर थर नुसता मऊ गाळ वर येत राहिला.

"अजून जाईल," मागून आवाज आला. बचनी नावाची म्हातारी गवत कापत होती. "दोन पुरुष खोल गाळ आहे. बंधारा होता इथे."

"कधी?"

"धाकटीच्या लग्नाच्या वर्षी बांधला. तिचा मुलगा शाळेत जायच्या आत भरला. तुमच्यासारखेच लोक आले होते. नकाशापण काढला होता आम्ही."

कॉम्प्युटरला इथे छान सपाट खोलगट जागा दिसली होती. ती सपाट का आहे, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

"मग आज परत इथेच का काढलात?"

"साहेबांच्या कागदावर ठिपका इथे होता. आमच्या बाजूने उलटा दिसत होता, पण दिसत होता."

"तुम्हाला हवाय का बंधारा इथे?"

बचनीने भारा आवळला. "माझ्या तीन म्हशी या गवतावर आहेत, बेटी. पाणी भरलं की गवत गेलं. मग त्यांना काय घालू, तुमचा नकाशा?"

"मग बोलला का नाही कुणी?"

"एकदा बोललो होतो. समजवायला पाच वेळा आले तुमचे लोक. ऐन पेरणीत."

परतीच्या वाटेवर देवयानीने गाडीत हे सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण लोकांनी काढलाय ना तो? आपण बदलला तर सहभाग कसला उरला?"

"सर, त्यांनी तुमच्या हातातला कागद बघून काढलाय."

"म्हणजे त्यांना नकाशा वाचता येतो! हे अहवालात घे. क्षमतावृद्धी." मग जरा विरघळून म्हणाले, "बदल हवा तर तोही लोकांनीच काढायला हवा. आराखडा सोमवारी छपाईला जातोय, पक्का."

शनिवारी ती पिंजौरची बस पकडून एकटीच मल्हाडीला गेली. नकाशा पुन्हा काढायला सांगितला, पण सरांचा कागद मुद्दाम नेला नव्हता. बंधारा दुसऱ्या नाल्यात व्हावा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बोलली मात्र चकार शब्द नाही. तरी नजर एकदा तिकडे गेली असावी, कारण मूठभर निळा रंग घेतलेला माणूस तडक दुसऱ्या नाल्याकडे निघाला.

तापमान मोजताना थर्मामीटरच तापलेला असू नये, हे ती शाळेत शिकली होती.

"थांबा," ती म्हणाली, आणि सगळ्यांकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसली.

मागे आधी नुसती कुजबुज झाली. मग पंजाबीत भांडण जुंपलं, त्यात बचनीचा आवाज सगळ्यांच्या वर. शेवटी कुणीतरी हसलं.

"बघ आता, बेटी."

दुसऱ्या नाल्यात ठिपका नव्हता, तिसऱ्यातही नव्हता. पार वर, डोंगराच्या माथ्याशी सात छोट्या निळ्या रेघा होत्या.

"गाळ इथून सुटतो," बचनी म्हणाली. "इथे दगड रचून तो अडवा, मग खालचं बघू. तो दुसरा नाला तर चाळणी आहे. पाणी टिकतच नाही त्यात."

अनगड दगडांचे बांध, काम माथ्यापासून पायथ्याकडे. देवयानीने हे परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलं होतं आणि तिला नऊ मिळाले होते.

सोमवारी सरांनी नवा फोटो पाहिला. "लोकांनी काढलंय? मग संपलं." तिसऱ्या नाल्यातला ठिपका गेला, गवत राहिलं. "पण तू वेगळं काय केलंस?"

"पाठ फिरवली, सर."

सरांनी ते वहीत टिपून घेतलं. महिन्याभरात मार्गदर्शिकेत नियम सातवा आला: नकाशा चालू असताना अधिकाऱ्याने वीस मिनिटं लोकांकडे पाठ करून उभं राहावं व वळून पाहू नये.

पावसाळ्यानंतर दुसऱ्या टप्प्यासाठी सर पुन्हा मल्हाडीला आले. अंगण झाडलेलं होतं. सरांनी हात जोडले, नियमाप्रमाणे पाठ फिरवली आणि दोन्ही हात मागे बांधले. हातात कॉम्प्युटरचा नवा नकाशा होता. तिसऱ्या नाल्यात पुन्हा निळा ठिपका होता, आणि या वेळी तो लोकांना सुलटा दिसत होता.

देवयानी पुढे होणार, तेवढ्यात रंग घेतलेल्या माणसाने बचनीकडे पाहिलं. तिने विळा खाली ठेवला, पुढे आली आणि सरांच्या बोटांतून कागद अलगद सोडवून घेतला.

"कोण आहे?" सरांनी विचारलं.

"लोक," बचनी म्हणाली.

अजून अठरा मिनिटं बाकी होती. सरांना वळता येत नव्हतं.