ठमीसकट

संध्याकाळपर्यंत करारावर दुसरी सही झाली नाही, तर दोन खोल्यांचा हा फ्लॅट हातचा जाणार होता. एकट्या बाईच्या भरवशावर द्यायला मालक तयार नव्हता. मग पडदे शिवणारी ती आणि तिची नऊ महिन्यांची लेक ठमी पुन्हा ताईच्या घरी, भावोजींच्या आठ्यांसमोर.

भाडं वाटून सोबत राहायला म्हणून चार जणी खोली बघून गेल्या होत्या. पाळणा दिसला की प्रत्येकीला काहीतरी तातडीचं काम आठवे. म्हणून आज ताईनेच बेत रचला. "मी हिला खाली बागेत नेते. पाळणा शेजाऱ्यांकडे ठेवलाय. आधी सही होऊ दे, मग सांग. लग्नात नाही का, सगळं नंतरच कळतं!"

पाचवी आली ती बस चालवणारी, पन्नाशीला टेकलेली भरभक्कम बाई. तिने खिडकी बघितली, ओटा बघितला, नळ सोडून बघितला. सगळं पसंत. मग एकदम म्हणाली, "आत कोण झोपलंय?"

"कुणी नाही."

"मग कुजबुजतेस का? कडी बोट लावून सरकवलीस. मी पिशवी टेकवत होते, तर खाली हात धरलास, वाजू नये म्हणून."

ठमीच्या आईने स्वतःच्या हातांकडे बघितलं. लेक घरात नव्हती, तरी हात तिची झोप जपत होते. आणि त्याच लेकीला आपण चोरीच्या मालासारखं लपवलं? तळपायाची आग मस्तकात गेली, तीही स्वतःवरच. तिने खिडकी सताड उघडली.

"ताई! आण गं तिला वर!"

अर्धी गल्ली वर बघायला लागली.

"मुलगी आहे माझी," ती ड्रायव्हरबाईंकडे वळली. "दात येताहेत. रात्री तीनदा उठते. चालत असेल तर बसा, नाहीतर दार उघडंच आहे. घर गेलं तर गेलं, तिला पुन्हा लपवायची नाही."

तेवढ्यात जिन्यातून भोंगाच वर चढत आला. ताईच्या कडेवर ठमी लालबुंद झाली होती.

"अगं बाई, माझ्या बसला असा हॉर्न नाही!" ड्रायव्हरबाई कान चोळत म्हणाल्या. "मला मुलांची काही आवड नाही हं."

"तिलाही तुमची नाही अजून."

"महिनाभर राहून बघते."

ताईने मागून चिमटा काढला: हो म्हण, मूर्ख! तिने हात झटकला.

"बघायला ती काय सिनेमा आहे? करार वर्षाचा आहे. सही करायची तर वर्षाची, आणि ठमीसकट."

ताईने कपाळाला हात लावला. ड्रायव्हरबाई कितीतरी वेळ त्या रडणाऱ्या लालबुंद तोंडाकडे बघत राहिल्या.

"खमकी आहेस. पेन दे." सही करता करता त्यांनी मान वर केली. "मी घोरते. आधीच सांगते."

"घोरा खुशाल," ठमीला कडेवर घेत ती म्हणाली. "हिच्यापुढे टिकाव लागतो का बघू."