हिरवी होडी

निवृत्त झाल्यावर शरच्चंद्र देवस्थळी रोज सकाळी कोलकात्यात हुगळी नदीकाठी, गार्डन रीचच्या घाटावर जलरंग घेऊन बसत. त्या दिवशी सरलाबाई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याचं चित्र पाहून हसायला लागल्या.

"अहो, होडी पोपटासारखी हिरवी आहे. तुम्ही तिला लालभडक करून नवरीसारखी नटवलीत की!"

"काहीतरीच! लालच आहे ती."

"बरं, मग हे ओळखा." त्यांनी लाल आणि हिरव्या रंगांच्या वड्यांवरची नावं बोटांनी झाकली आणि जागा बदलत सहा वेळा विचारलं. शरच्चंद्र चार वेळा चुकले.

त्यांनी कुंचला खाली ठेवला. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी इथंच एक लाँच धक्क्यावर आपटून बुडाली होती. धक्क्यावरचा दिवा हिरवा होता म्हणूनच पुढे आलो, असं लाँच चालवणारा सारंग कासेम चौकशीत रडून सांगत होता. दिवा लाल होता, असं एकमेव साक्षीदार शरच्चंद्रांनी शपथेवर सांगितलं आणि कासेमचा परवाना गेला.

"चहा निवतोय," सरलाबाई हळूच म्हणाल्या.

"कासेम बजबजला राहतो ना?"

"आता जाऊन काय सांगणार त्याला?"

शरच्चंद्रांनी ओलं चित्र उचललं. "हे दाखवीन," ते म्हणाले आणि स्टेशनच्या वाटेला लागले.