नळीचे बारा सेंटिमीटर

माझ्या बाबांच्या गळ्यावरचं भोक चौदा मिलिमीटरचं आहे. प्रयोगशाळेतलं व्हर्नियर घरी आणून मी ते मोजलं होतं. कडेची कातडी गुलाबी आणि ताणलेली आहे. थंडीत त्यांनी श्वास सोडला की वाफ तोंडातून निघत नाही, तिथून निघते. स्वरयंत्र काढल्यावर डॉक्टर श्वासनलिकेचं टोक पुढे वळवून गळ्याच्या कातडीला शिवतात. मग नाक आणि तोंड यांचा फुप्फुसांशी काही संबंध उरत नाही. त्या भोकातून हवा गेली तर हवा, पाणी गेलं तर पाणी, थेट आत.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांना मी हे कागदावर आकृती काढून समजावलं होतं. त्यांनी आकृतीचं कौतुक केलं.

आमचं प्रार्थनागृह मुरेश नदीपासून दोन गल्ल्या आत आहे. आम्ही बाळांना बाप्तिस्मा देत नाही. ज्याने चारचौघांत आपला विश्वास कबूल केला त्यालाच देतो, आणि तो पाण्यात पूर्ण बुडवून. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली निळ्या फरशीची टाकी आहे. पाणी एकशे पंधरा सेंटिमीटर. ते मीच तपासते, कारण शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काम करते आहे. मी एकोणीस वर्षांची असताना मंडळीत आले. तेव्हा नदीतच बुडवत असत. बाबांनी त्या दिवशी मला विचारलं होतं, "ओतिलिया, घरात बादली नव्हती का?"

पुढची तीस वर्षं ते असंच बोलत राहिले. जन्मल्यावर चाळिसाव्या दिवशी त्यांना गावच्या ऑर्थोडॉक्स पाद्र्याने कुंडात बुचकळलं होतं, आणि देवाशी आपला तेवढा व्यवहार पुरे आहे असं त्यांचं मत होतं. ते रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर होते. दिवसाला चाळीस सिगारेटी.

घशाच्या कॅन्सरवरच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं. ते हनुवटीखाली दाबलं की शब्द येतात, पण सगळे एकाच सुरात, डब्यात भुंगा अडकल्यासारखे. त्याच वर्षी ते माझ्याबरोबर प्रार्थनेला येऊ लागले. का, ते मी विचारलं नाही. सहा महिन्यांनी एका रविवारी ते उठून पुढे गेले, यंत्र लावलं आणि म्हणाले, "मी ग्लिगोर. मी पापी माणूस आहे. येशू माझ्यासाठी मेला आणि उठला यावर माझा विश्वास आहे. बाकीचं मला अजून समजत नाही." त्या गुणगुणत्या आवाजावर लोक रडले. आकिमभाऊही रडले.

आकिमभाऊ पंचांमध्ये सगळ्यांत मोठे, वय एक्क्याऐंशी. डोळे पुसून झाल्यावर त्यांनीच विचारलं, "मग टाकीत कधी उतरायचं?"

तिथून तीन वर्षं गेली.

टाकीत उतरल्याशिवाय माणूस मंडळीचा सभासद होत नाही, आणि सभासद नसलेल्याला प्रभुभोजनाची भाकर नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट रांगेतून फिरतं. ते आकिमभाऊच फिरवतात. बाबांपाशी आले की ताट हातभर वर उचलून माझ्याकडे देतात, मध्ये रिकामी खुर्ची असावी तसं. पहिल्यांदा बाबांनी हात पुढे केला होता. मग तो हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि बोटांकडे बघत बसले. पुन्हा कधी केला नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "भिकाऱ्याला नाही म्हणतात तेव्हा निदान त्याच्याकडे बघतात तरी."

बाबांना टाकीतून सूट मिळेल का, हे विचारायला मी पास्टर सिल्व्हियानना भेटले. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, मनाने चांगले. म्हणाले, "ओतिलियाताई, मी यावर प्रार्थना करतोय. बघू." पुढच्या महिन्यात, "पंचांशी बोलतोय, बघू." त्यांच्या तोंडून मी दुसरं उत्तर ऐकलं नाही. मी वाद घालत नाही, तो माझा स्वभाव नाही. मोजमाप नीट समोर ठेवलं की माणसं आपोआप योग्य निष्कर्षाला येतील असं मला वाटायचं. नोकरीत तसं होतं.

शेजारच्या व्हेतुरियामावशींना मात्र या सगळ्याची फार मजा वाटायची. त्या ऑर्थोडॉक्स. कुंपणावरून आलुबुखाराचं ताट पुढे करत म्हणायच्या, "ग्लिगोर, तुला आमच्या पाद्रीबाबांनी केव्हाच धुऊन ठेवलाय. हे लोक पुन्हा भिजवणार म्हणे. तू काय सतरंजी आहेस?"

बाबा यंत्र लावायचे. "व्हेतुरिया, पहिल्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं."

"आणि आता विचारलं, तर घेईनात. परत ये गुमान. आमच्याकडे भाकर वाइनमध्ये भिजवून चमच्याने देतात, चावायचीही कटकट नाही."

"येईन. तुझ्या पाद्र्याला सांग, आधी माझं नाव सांगून दाखव."

त्या हसायच्या. बाबाही हसायचे, आवाजाशिवाय, नुसते खांदे हलवत.

या वर्षी मार्चमध्ये मी ठरवलं की पाण्याची अडचण आहे तर ती पाण्याच्या माणसानेच सोडवावी. सिलिकॉनची एक झडप बनवली, चौदा मिलिमीटरला घट्ट बसणारी, आणि तिला नळी जोडली. नळीचं टोक डोक्याच्या मागून वर येतं. माणूस पूर्ण पाण्याखाली गेला तरी श्वास चालू राहतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी दोनदा ओढून पाहिली आणि मी शेजारी उभी असेन तर हरकत नाही म्हणाले. घरच्या टबमध्ये आम्ही ती सात वेळा तपासली. सातव्या वेळी बाबा नऊ सेकंद खाली होते. वर आले तेव्हा दाढीतून पाणी गळत होतं आणि चेहरा असा, की माझी आई असती तर तिने त्यांना पुन्हा पसंत केलं असतं.

पंचांच्या बैठकीत नळी टेबलावर ठेवली. आकिमभाऊंनी ती उचलली, चष्मा कपाळावर नेला.

"हे टोक पाण्याच्या वर राहणार?"

"हो."

"किती?"

"बारा सेंटिमीटर."

"म्हणजे तेवढा तो बाहेर राहिला."

मला वाटलं ते थट्टा करत आहेत. ते थट्टा करत नव्हते. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, असं ते म्हणाले, आणि पुरलेल्या माणसाचा श्वास वर चालू राहत नाही. दुसऱ्या पंचांचं म्हणणं पडलं की नळी हा काही देहाचा भाग नाही. तिसरे म्हणाले, पण श्वास तर त्याचाच. मग प्रश्न निघाला की बाकीचे लोक पाण्याखाली श्वास रोखतात, तो रोखलेला श्वास आत असतो की बाहेर. तीन शिकलेसवरलेले पुरुष पाऊण तास माझ्या बाबांच्या श्वासाची जागा ठरवत होते, आणि बाबा बाहेर बाकावर मफलर गुंडाळून तोच श्वास घेत बसले होते. शेवटी पास्टर म्हणाले, "आपल्या मंडळ्यांच्या संघाला पत्र लिहून विचारू. बघू."

संघाचं उत्तर यायला आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांत भोकाची डावी कड खडबडीत झाली. नोव्हेंबरात तपासणी केली. गाठ परत आली होती, श्वासनलिकेच्या आतून, आणि फुप्फुसातही डाग होते. झडप आता बसत नव्हती. बसवली तर रक्त यायचं. टाकीच्या पाच पायऱ्या उतरणंही आता त्यांना जमलं नसतं. डॉक्टरांनी महिने सांगितले नाहीत, आठवडे सांगितले. मार्चमध्ये जे चार सेकंदांत झालं असतं, ते आता कधीच होणार नव्हतं. हे कोणी केलं, याची नोंद कुठेही होणार नव्हती.

बाबा म्हणाले, "पाण्याचं जाऊ दे. मला एकदा सगळ्यांबरोबर भाकर खायची आहे. तेवढं विचार त्यांना."

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर सभासदांची बैठक होती. पुढच्या रविवारी प्रभुभोजन. आधी छपराच्या गळतीचा विषय झाला, त्यावर चांगली चर्चा झाली. मग पास्टरांनी संघाचं पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं की हा निर्णय स्थानिक मंडळीने प्रार्थनापूर्वक घ्यावा.

"तर आपण प्रार्थना करू," पास्टर म्हणाले, "आणि नवीन वर्षात..."

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्या बैठकीत फक्त पाण्याचा अहवाल द्यायला उभी राहिले होते.

"नवीन वर्षात ते नसतील. मला एक प्रश्न विचारायचा आहे. ग्लिगोर आज मेले, तर देवापुढे त्यांचं तारण झालं आहे की नाही?"

"ओतिलियाताई, असं..."

"हो किंवा नाही."

पास्टरांनी आकिमभाऊंकडे पाहिलं. आकिमभाऊ काठी टेकून उठले.

"पोरी, जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल. प्रभूचेच शब्द आहेत. मी घडवलेले नाहीत."

"पूर्ण वाचा, आकिमभाऊ. पुढे काय आहे? जो विश्वास धरणार नाही तो दोषी ठरेल. पाणी पहिल्या अर्ध्यात आहे, दुसऱ्यात नाही. दोषी ठरायला अविश्वास लागतो, कोरडेपणा नाही."

"बायबलातल्या त्या हबशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने रथातून उतरवून पाण्यात नेलं. चमचाभर शिंपडून वाटेला नाही लावलं."

"त्या अधिकाऱ्याचा गळा धड होता. आणि प्रभूच्या शेजारच्या वधस्तंभावर जो चोर होता, त्याला कोणत्या टाकीत नेलं? त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला. आमच्याकडे आला असता तर त्याला ताट मिळालं नसतं."

मागून कोणीतरी हसलं आणि थांबलं. आकिमभाऊ हसले नाहीत.

"तू चोराचं सांगतेस. मी तुला माझं सांगतो. कम्युनिस्टांचं राज्य, मार्चचा महिना, नदीच्या काठाला बर्फ. पोलीस वर रस्त्यावर नावं लिहून घेत उभे. आम्ही सहा जण उतरलो. माझं काम गेलं, माझ्या भावाला अकरा महिने आत ठेवलं. त्या पाण्यासाठी. आणि आता तू म्हणतेस की पाण्यावाचून चालतं. मग आम्ही कशासाठी उतरलो?"

हे मला माहीत होतं. आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळेच त्यांना कोणी कधी उत्तर देत नाही, आणि मीही तीन वर्षं दिलं नव्हतं.

"तुम्ही विश्वास होता म्हणून उतरलात," मी म्हणाले. "उतरलात म्हणून विश्वास आला नाही. पोलीस तुम्हाला काठावरच पकडून घेऊन गेले असते तर प्रभूने तुम्हाला ओळखलं नसतं का? बाबांना पाणी नको आहे असं नाही. त्यांनी ते मागितलं. टबमध्ये सात वेळा गेले. आपण बारा सेंटिमीटर मोजत बसलो. आज्ञा मोडली असेल तर ती आपण मोडली. आणि उपाशी ते बसतात."

आकिमभाऊंनी काठी बाकाला टेकवली. खाली बसले.

बाबा शेवटच्या रांगेत होते, सभासद नसलेल्यांच्या. यंत्राचा गुणगुणता आवाज आला. "आकिम, तू उतरलास ते बरं केलंस. मी वर रस्त्यावर होतो. पोलिसांत नव्हतो, नुसता बघत. हसत होतो." थोडा वेळ त्यांनी यंत्र खाली घेतलं, दम घेतला. "तुझ्यामुळेच मला वाटलं, यात काहीतरी असेल. फार उशिरा वाटलं."

आकिमभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. पण त्यांची मान खाली गेली.

मी अजून उभीच होते. माझं एक बोलायचं राहिलं होतं, आणि ते पंचांबद्दल नव्हतं.

"गेली तीन वर्षं ते ताट त्यांच्या डोक्यावरून माझ्या हातात आलं, आणि मी दर वेळी खाल्लं. छत्तीस वेळा. गप्प बसून. पुढच्या रविवारी त्यांना मिळणार नसेल तर मलाही देऊ नका."

"दंगा करायचाय का तुला?" एका पंचांनी विचारलं.

"नाही. मला पास्टरांकडून उत्तर हवंय. मी विचारलं होतं, तारण झालं आहे की नाही."

पास्टर सिल्व्हियान संघाचं पत्र घडी करत होते. त्यांनी ते एकदा दुमडलं, दोनदा दुमडलं, आणखी दुमडता येईना तेव्हा टेबलावर ठेवलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आकिमभाऊंकडेही नाही. फळ्यांखाली टाकी असते तिथे, आपल्या बुटांकडे बघत होते.

"झालं आहे," ते म्हणाले. "हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." मग मान वर करून शेवटच्या रांगेकडे बघत ते म्हणाले, "ग्लिगोरभाऊ, पुढच्या रविवारी तुम्ही आमच्याबरोबर भाकर खाल. ताट मी स्वतः आणीन."