आवाज गेलेली टॅक्सी

एकाहत्तरच्या मे महिन्यात राधाकृष्णने आपल्या टॅक्सीचं इंजिन नगरच्या गॅरेजात उघडलं. झिजलेले सिलिंडर बोअर करून घेतले, नवे पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. गाडी ताब्यात देताना बन्सी मिस्त्रीने एकच गोष्ट दोनदा सांगितली.

"पाचशे मैल होईपर्यंत वेगाचा काटा तीसच्या वर न्यायचा नाही. माणसं कोंबायची नाहीत. इंजिन घट्ट आहे, हळूहळू रुळू द्या."

राधाकृष्णला वाटलं होतं, गाडी आता वाऱ्यासारखी पळेल. ती पळेना. पूर्वी हँडलला अर्धा हिसका दिला की सुरू व्हायची. आता दोघांनी मिळून फिरवलं तरी कुरकुरायची. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पूर्वी ती आपली वाहत राहायची, आता कुणी मागून धरून ठेवल्यासारखी थांबायला बघायची. धूर मात्र गेला होता आणि खडखडाटही गेला होता.

हा खडखडाट अर्ध्या मैलावरून ऐकू यायचा. तो कानावर आला की नगरच्या वाटेवर तिसगावपासून करंजीपर्यंतच्या वस्त्यांवरची माणसं चहाची बशी खाली ठेवायची, पायात चपला सरकवायची आणि गाडी येईपर्यंत रस्त्यावर हजर व्हायची. त्यामुळे राधाकृष्णने बिघडलेला हॉर्न कधी दुरुस्तच केला नव्हता. रस्त्यावर कुणी उभं नसेल तर गाडी थांबवायची नाही, हाही त्याचा जुना शिरस्ता.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सकाळी तिसगावहून निघाला तेव्हा वाटेत एकही वस्तीवाला उभा नव्हता. ओझं नाही, बरंच झालं, असं मनाशी म्हणत तो करंजीला पोचला आणि दगडाबाईच्या हॉटेलसमोर पाणी घालायला थांबला.

"आरं, तू आलास कवा?" दगडाबाई किटली हातात घेऊनच बाहेर आली. "मला वाटलं, कुना पुढाऱ्याची गाडी हाय. आवाज तर न्हाई काय न्हाई!"

"आता न्हाईच यायचा आवाज. नवं इंजिन हाय."

"मग मानसांना कळायचं कसं, तू आलास म्हनून?"

राधाकृष्णने डबा उचलून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. बाईचं बोलणं त्याला कुचकट वाटलं.

तेवढ्यात काकासाहेब सायकल दामटत आले. मागच्या कॅरिअरवर त्यांची मुलगी शोभा कागदांची पिशवी छातीशी धरून बसली होती. त्यांची वस्ती दोन मैल मागे, अगदी रस्त्याला लागून.

"राधू, गेला कवा तू? फुफाटा दिसला तवा कळलं!" काकासाहेबांना धाप लागली होती. "पोरगी तयार होऊन सकाळपासनं कान लावून बसलीय! अकराला तिची मास्तरनीच्या नोकरीची मुलाखत हाय नगरला. यष्टी तर कवाच गेली."

"रस्त्यावर कुनी नव्हतं, दादा."

"तुझ्या गाडीसाठी रस्त्यावर कवा कोन उभं ऱ्हायलंय रं? ऐकूनच येतो आमी!"

शोभा मागच्या सीटवर बसली. "राधूकाका, पोचू ना आपण?"

"बघू," राधाकृष्ण म्हणाला.

घाटाच्या पायथ्याशीच गाडीने मान टाकली. दुसऱ्या गिअरमध्येही ती चढेना. बॉनेटमधून वाफ यायला लागली. तो उतरला, चाकाला दगड लावला आणि रेडिएटरचं झाकण निवायची वाट बघत उभा राहिला. शेजारून ऊस लादलेला ट्रक वर निघून गेला. मोडकी होती तेव्हा हीच गाडी नऊ माणसं घेऊन हा घाट चढायची.

माथ्यावर आले तेव्हा साडेदहा वाजले होते. नगर अजून अठरा मैल होतं. पुढे सपाट रस्ता. काटा तीसवर.

शोभा समोरच्या काट्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "गेल्या वर्षी मी आजारी होते, तेव्हाही मुलाखत हुकली. बाबा म्हणालेत, या वेळी नाही जमलं तर लग्नाचं बघू."

राधाकृष्णने स्टिअरिंगवर थाप मारली. "त्या बन्सीला काय जातंय बोलायला!"

त्याने पाय दाबला. पस्तीस. चाळीस. पन्नासला गाडी थरथरली, पण पळाली. दुरुस्तीनंतर पहिल्यांदाच पळाली. नगर दिसायला लागलं तेव्हा इंजिनाने अचानक आचका दिला, जणू आतून कुणी ब्रेक लावला. मग गाडी पुन्हा सुटली आणि खालून ठक-ठक सुरू झाली.

शोभाचं नाव पुकारलं गेलं, त्याच वेळी ती दारात पोचली.

दुपारी बन्सीने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. लांबूनच ऐकून म्हणाला, "पिस्टन धरला, तापून सिलिंडरला घासला. पुन्हा खोलायला लागेल." मग हात पुसत म्हणाला, "दोनदा सांगितलं होतं मी."

"व्हय, सांगितलं हुतं," राधाकृष्ण म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी परतताना मागे निळा धूर होता. करंजीत शिरण्याआधीच दगडाबाई रस्त्यावर येऊन उभी होती.

"आता कशी बरी झाली गाडी! सकाळी मेल्यावानी आली हुती. मिस्त्री गुनाचा दिसतोय तुझा."

पुढे दोन मैलांवर काकासाहेबही आवाज ऐकून वस्तीवरून रस्त्यावर आले. शोभा उतरली.

"झाली का मुलाखत?"

"झाली. कळवू म्हणालेत."

"आन राधू, उद्या सकाळी मी येनार हाय रं नगरला. आवाज आला की येतो."

राधाकृष्णने मान हलवली. पुन्हा सुरू होईल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून इंजिन बंद न करताच तो तिसगावच्या रस्त्याला लागला. पुढच्या वस्तीवर दोन माणसं चपला सरकवत बाहेर येत होती.