माणिकबाईंच्या जागेवरून दिसणारा टीव्ही

वामनराव फुलवाल्यांनी दिवाळीत पातळ टीव्ही आणला, तेव्हा माणिकबाईंनी एकच विचारलं होतं, "माह्या जागेवरून दिसन का?"

"घरात कुठूनबी दिसन," वामनराव म्हणाले. हे त्यांनी दुकानात, टीव्हीच्या नाकासमोर उभं राहून, फुकटचा चहा पीत ठरवलं होतं. हार करणाऱ्या घरात मात्र नाकासमोर कोणी बसत नाही. अमरावतीच्या उन्हात फुलं मोरीजवळच्या गारव्यातच टिकतात, बाई फुलांजवळ बसते, आणि टीव्ही टांगायला खोलीतली एकुलती मोकळी भिंत नेमकी मोरीला लागून. बाईच्या जागेवरून, खालून आणि कडेनं, मान वर केली की मालिकेतली माणसं फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसायची. सासू कोणती, सून कोणती, हे आवाजावरून ओळखायचं.

माणिकबाईंनी काही दिवस आवाजावर काढले. मग दुपारी टोपली उचलून त्या समोरच्या गोदाबाईंकडे जाऊ लागल्या. तिथं जुना, मोठ्या पाठीचा डब्बा टीव्ही होता; त्यात कुठूनही चित्र सारखंच दिसायचं.

वामनराव एकटेच हार ओवत बसले. त्यांनी मनात हिशेब मांडून पाहिला. फुलं तेवढीच, दोरा तेवढाच, पण तिकडे गप्पांत बाईचे हात थांबायचे, म्हणून हार मात्र निम्मे. आणि दुपारभर घरात बोलायला कोणी नाही, हा तोटा कुठल्या रकान्यात टाकावा ते कळेना. उपाय सोपा होता, चुकलं म्हणायचं. पण टीव्ही आला त्या दिवशी त्यांनी अख्खी गल्ली बोलावून पेढे वाटले होते. चुकलं न म्हणता बायको घरी बसायला यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून ते गयासुद्दीनच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

"डब्बा टीव्ही हाय का, गयासभाई? एका पाव्हण्याले पाह्यजे."

"पाव्हण्याले," म्हणत गयासुद्दीननं टेबलाखालून एक सेट ओढला. "हा घ्या. उचलून पाहा."

वामनरावांनी उचलला आणि लगेच ठेवला. "लय वजन हाय."

"वजनाचे पैसे नाई लावत मी. याले भिंतीत खिळा नको. पोट्ट्यायचा चेंडू लागला तं चेंडू फुटन."

"केबलचा डब्बा लागन?"

"तीन रंगाच्या पिना हायत मागं. लागन."

"अन् वाईट काय?"

"जागा खाते. लाइटबिल थोडं वाढन. बारीक अक्षर वाचता येत नाई. अन् बिघडला तं पार्ट अकोल्याच्या भंगारात धुंडा लागते. खोटं काहून बोलू?"

करंडीतली वरची फुलं पाहून वामनरावांनी कधी शेवंती घेतली नव्हती, हात तळाशी घालून घेतली होती. त्यांनी सेटचं मागचं झाकण उघडायला लावलं आणि आत हात घालू लागले. गयासुद्दीननं मनगटच धरलं.

"फुलं हायत का, वामनराव? बंद असला तरी झटका देते हा."

सेट लावला. वामनराव या वेळी समोर उभे राहिले नाहीत. फरशीवर एका कडेला मांडी घालून बसले, मग आणखी कडेला सरकले. चित्र जसंच्या तसं.

"पाव्हणा खाली बसते वाट्टे," गयासुद्दीन म्हणाला. "भाभी कशी हाय?"

"बरी हाय," म्हणून वामनरावांनी घासाघीस सुरू केली आणि नेहमीपेक्षा लवकर संपवली.

ऑटोत त्यांनी सवयीनं सेटवर ओलं पोतं टाकलं. गल्लीला वाटेल, झेंडू आला. पण झेंडूची करंडी वामनराव एका हातानं उतरवतात हे गल्लीला ठाऊक होतं. आज ते आणि ऑटोवाला दोघं मिळून कण्हत निघाले, तेव्हा गोदाबाई दारातच उभ्या होत्या.

"भाऊजी, एवढं जड फूल कोणतं जी?"

वामनरावांच्या तोंडाशी कमळ वगैरे आलं होतं. तेवढ्यात गोदाबाईंच्या घरातून मालिकेचा आवाज आला आणि त्यावर माणिकबाईंचं हसणं. आपल्या घरात ते हसणं त्यांनी बरेच दिवस ऐकलं नव्हतं.

"फूल नाई," ते आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "डब्बा टीव्ही हाय. तो पातळ घेतला, ते चुकलंच माहं. माणिकले तिच्या जागेवरून दिसत नाई."

आतलं हसणं थांबलं. माणिकबाई ओच्यात फुलं धरून बाहेर आल्या, नवऱ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे.

"इजेच्या वस्तूवर ओलं पोतं? मेथीची जुडी हाय का ते? उचला अगोदर."

घरात नेऊन त्यांनी सेट कोरड्या फडक्यानं पुसला आणि पंख्याखाली ठेवला. संध्याकाळपर्यंत लावायचा नाही, असं सांगून टाकलं. मग मोरीजवळ आपल्या जागेवर बसल्या, नवऱ्यानं केलेला एक हार हातात घेतला आणि त्याच्या गाठी पाहिल्या.

"हे असे हार तुमी केले?"

"हो."

"अन् गिऱ्हाइकानं घेतले?"

"घेतले ना. देवाले वाह्यले असतीन."

"देवानं काय म्हटलं असन बाप्पा," म्हणत त्या एकेक गाठ सोडू लागल्या. मालिकेची वेळ एव्हाना निघून गेली होती. वामनराव दोरा धरून समोर बसले.