किल्ली हरवलेली बेडी

मित्रांनो, मी एक जुनी बेडी आहे आणि मला फार भीती वाटते. तुम्ही म्हणाल, बेडीला कसली आली आहे भीती? बेडीला माणसाने भ्यायचे असते. पण माझी हकीकत ऐका, म्हणजे तुम्हाला पटेल.

माझा जन्म ठाण्याच्या तुरुंगामागच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याला आता दीडशेच्या वर वर्षे झाली. लोहार मोठा कसबी होता. त्याने लोखंडाच्या दोन पट्ट्या अर्धगोल वाकवल्या, एका टोकाला बिजागरी ठोकली आणि दुसऱ्या टोकाच्या पोटात चाप बसवला. मला नुसते दाबले की 'खट्' असा आवाज होई आणि मी बंद होई. उघडायला मात्र किल्लीच लागे. माप बरोबर आले की नाही हे पाहायला त्याने मला आधी स्वतःच्या पायात घातले होते. तेवढा वेळ किल्ली त्याने दातांत घट्ट धरून ठेवली होती. तुरुंगाच्या साहेबाने मला हातात घेऊन उलटसुलट केले आणि "काम फर्मास आहे" असे म्हटले. मला अभिमान वाटला. खरेच वाटला, खोटे कशाला सांगू?

मग मला बाबाजीच्या डाव्या पायात घातले आणि माझी साखळी त्याच्या कमरेला बांधली. बाबाजी खाडीवर होडी चालवायचा. सरकार ज्याच्या मागावर होते अशा एका माणसाला त्याने पलीकडच्या तीरावर सोडले, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला जन्मठेप झाली आणि आम्ही दोघे जहाजातून सिंगापूरला आलो. तिथे तो दलदलीत भराव घालायचा, खडी फोडायचा, जंगल तोडून रस्ता करायचा. त्या रस्त्यावरून साहेबांच्या बग्ग्या जायच्या. माझ्या कडेने त्याच्या घोट्याची साल निघाली. तो माझ्याखाली चिंधी गुंडाळायचा आणि म्हणायचा, "बये, जरा हलकी हो गं." मला हलके होता येत नव्हते.

एका दुपारी बुकित तिमाहच्या जंगलात रस्त्याचे काम चालले होते. एकाएकी झाडीतले किडेसुद्धा गप्प झाले. कुणीतरी "वाघ! वाघ!" म्हणून किंचाळले. ज्यांचे पाय मोकळे होते ते पळाले. बाबाजीही पळाला, पण माझी साखळी एका मुळात अडकली. त्याने मला दोन्ही हातांनी ओढले. दगडाने ठेचले. मी उघडले नाही. मी चांगल्या लोहाराची बेडी होते.

कैद्यांवर देखरेख करणारा जमादार किल्ली घेऊन परत आला तोवर सगळे संपले होते. हा जमादारही पूर्वी कैदीच होता. त्याने मला उघडले, बाबाजीचा पाय मोकळा केला, आणि मग मला एका बाजूला व किल्लीला दुसऱ्या बाजूला भिरकावून दिले. मित्रांनो, त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटते.

पुढची कितीतरी वर्षे मी चिखलात उघड्या तोंडाने पडून होते. साखळी झिजून तुटली. माझ्यावर गंज चढला, बिजागरी आवळली, चाप जागच्या जागी चिकटून बसला. लोक गंजाला वाईट म्हणतात. मला तो मायेच्या पांघरुणासारखा वाटला. आता मी कुणालाच धरणार नव्हते.

तिथे फ्लॅटची उंच इमारत, कॉन्डो, बांधायला घेतला तेव्हा पाया खणणाऱ्या यंत्राने मला वर काढले. हे साल होते एकोणीसशे शहाण्णव. दोन-तीन हात बदलून मी जुन्या वस्तूंच्या बाजारात आले आणि तिथून शैलेंद्र सरांच्या घरी. शैलेंद्र सर जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत मोठे साहेब होते. त्यांना पुराणवस्तूंचा नाद होता. त्यांनी मला आठवडाभर रॉकेलमध्ये बुडवले, तारेच्या ब्रशने घासले, बिजागरीत आणि चापात थेंब थेंब तेल सोडले. मग मला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडले. पाहुणे वाहवा करू लागले. इतक्या वर्षांनी मराठी शब्द कानावर पडत होते, पण मला त्याचा आनंद घेता येईना. माझ्या पोटातला चाप हळूहळू सुटा होत होता आणि ते फक्त मलाच कळत होते.

एका रविवारी सरांच्या हाताखालचे मरीन इंजिनिअर प्रबोध, त्यांची पत्नी अरुणा आणि पंधरा वर्षांची मुलगी अनघा जेवायला आली. अनघा कपाटासमोरून हलेना.

"काका, ही मला दोन दिवस द्याल? मंगळवारी शाळेत डिबेट आहे. गुलामगिरीतून ज्या देशांनी श्रीमंती मिळवली, त्यांनी आज भरपाई द्यावी का, असा विषय आहे."

"अगं, पण ही गुलामाची नाही, कैद्याची आहे," सर म्हणाले.

"चालेल. पाय तर माणसाचाच होता ना?"

सर हसले. "आणि तू कुठल्या बाजूने?"

"विरुद्ध. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात ती बाजू आली. द्यायला नको, असं म्हणायचंय."

प्रबोध मधेच म्हणाले, "अनघा, सरांची वस्तू आहे. काही झालं तर?" त्यांच्या आवाजात मला ओळखीची भीती जाणवली. त्यांचा सिंगापूरचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता आणि नूतनीकरणाच्या अर्जावर कंपनीतर्फे सरांचीच सही लागत होती.

"ने गं," सर म्हणाले. "फक्त ओरखडा पडू देऊ नकोस. अशी दुसरी मिळायची नाही."

अशी मी क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आले. सोमवारी दुपारी अनघा शाळेतून आली. घरी कुणी नव्हते. तिने मला लादीवर ठेवले आणि ती आरशासमोर भाषणाची तालीम करू लागली. भाषण इंग्रजीत होते, पण अडली की ती मराठीतच स्वतःला समजावायची. गुलाम करणारे मेले, गुलाम झालेलेही मेले, नातवंडा-पतवंडांनी कुणाचे हिशेब चुकवायचे, असे तिचे म्हणणे होते. शेवटच्या वाक्याला ती माझ्याकडे बोट दाखवायची. "ही पाहा. आज ही कुणालाच पकडू शकत नाही."

चौथ्या खेपेला तिला वाटले, नुसते बोट दाखवण्यापेक्षा पाय आत ठेवून दाखवला तर? तिने मोजा काढला. डावा पाय माझ्या उघड्या तोंडात ठेवला. मला ओरडायचे होते. लोखंडाला आवाज फुटत नाही. तिने मला दोन बोटांनी जरासे दाबले.

खट्.

आधी ती हसली. मग तिने मला उघडायला पाहिले. मग ओढले. पाय वाकडा करून, टाच दाबून, साबण लावून, नळाखाली धरून ओढले. जितके ओढावे तितका घोटा सुजत गेला. माझ्याखाली तिची नाडी धावत होती. बाबाजीचीही त्या दुपारी अशीच धावत होती. मला ते सारे जंगल पुन्हा दिसू लागले.

अरुणा आली तेव्हा अनघा न्हाणीघराच्या ओल्या लादीवर बसली होती. "आई, इट्स स्टक. निघतच नाहीये," एवढेच ती म्हणाली आणि रडू लागली. अरुणाने खोबरेल तेल ओतले, बर्फ लावला. काही उपयोग झाला नाही. तिने प्रबोधना फोन केला. प्रबोधनी सरांना सांगितले आणि तासाभरात दोघेही आले. सरांनी किल्ल्यांचा जुडगा आणला होता. त्यांनी एकेक किल्ली लावून पाहिली. माझी किल्ली तर दीडशे वर्षांमागे जंगलात पडली होती.

बाहेर ऊन उतरू लागले होते. अनघाच्या पायाची बोटे जांभळी झाली होती.

"मला अंगठा कळत नाहीये," ती म्हणाली.

"कापूया," अरुणा म्हणाली.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "घाईने नुकसान करू नका. माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, जुनी कुलपं उघडतो. तो उद्या सकाळी मलेशियातून, जोहोरहून, परत येईल."

"उद्या सकाळी? सर, पोरीचा पाय बघा!" अरुणाने फोन उचलला. "मी नऊशे पंच्याण्णव लावते, अग्निशमन दलाला बोलावते."

"वहिनी, ती माणसं येऊन सरळ कापून टाकतील. या वस्तूची किंमत तुम्हाला माहीत आहे का? मग मला भरपाई कोण देणार?"

प्रबोधची हत्यारांची पेटी पलंगाखाली होती. हा माणूस रोज लोखंड कापत होता, जहाजांच्या पोटात शिरून हातभर जाडीचे नट सोडवत होता. पण तो भिंतीला टेकून उभा राहिला होता. घर, पास, मुलीची शाळा, सारे त्याच्या डोळ्यांत दिसत होते. मला त्याचा राग आला नाही. भ्यालेला माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे.

अनघाने डोळे पुसले. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या नोट्समध्ये एक गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूचा मुद्दा आहे तो, म्हणून मी खोडून टाकला होता. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली ना, तेव्हा भरपाई दिली होती. खूप दिली. पण ती मालकांना दिली. त्यांची वस्तू गेली म्हणून. ज्यांच्या पायात होतं त्यांना काहीच नाही." तिने सुजलेला घोटा धरला. "बाबा, माझा पाय खूप दुखतोय."

प्रबोध खाली वाकले. त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली आणि हॅकसॉ काढली.

"प्रबोध," सर म्हणाले, "नीट विचार करून काय ते कर."

"केला, सर."

त्यांनी माझ्या आणि कातडीच्या मधे जाड कातड्याचा तुकडा सरकवला. तो जेमतेम गेला. अरुणाने पाय मांडीवर घट्ट धरला. पाते फिरू लागले. मित्रांनो, मला वेदना होत नाहीत. पण पाते घसरले तर? चाप मधेच आवळला तर? पात्याच्या दर फेरीला मी घाबरत होते. लोहाराने मला फार पक्की केली होती. एक पाते तुटले, दुसरे लावले. प्रबोधच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपटपत होता. अर्धा तास गेला. मग एकदम कडकन आवाज झाला आणि अनघाचा पाय बाहेर आला.

घोट्याभोवती लाल-काळे वळ उठले होते. अरुणा तो पाय चोळत राहिली. हळूहळू बोटांत रंग परतला. सर निघून गेले. माझे दोन तुकडे लादीवरच राहिले.

मंगळवारी अनघा पायाला पट्टी बांधून, लंगडत शाळेत गेली. माझे तुकडे तिच्या दप्तरात होते. तिच्या बाजूने आधी तिची वर्गमैत्रीण चैताली बोलली आणि झकास बोलली. मग अनघा उठली. तिने तुकडे टेबलावर ठेवले. सभागृह कुजबुजू लागले. ती म्हणाली, "ही बेडी आता कुणाला पकडू शकत नाही, असं मी सांगणार होते. काल दुपारी मी तिच्यात अडकले. ही मी स्वतःहून पायात घातली होती, तरी इतकं भ्याले. भरपाई किती द्यायची, कुणी कुणाला द्यायची, मला खरंच माहीत नाही. पण हे जुनं झालं, संपलं, असं मी म्हणू शकत नाही. सॉरी." आणि ती खाली बसली.

त्यांची बाजू हरली. बाहेर येताच चैताली सिंगापुरी ढंगात कडाडली, "व्हाय यू लाइक दॅट, लाह! मी एवढं जिंकत आणलेलं!" पुढे महिनाभर दोघी बोलत नव्हत्या.

बुधवारी प्रबोधनी मला सरांच्या ऑफिसात नेऊन दिले. सरांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. "काप सरळ आहे," ते म्हणाले. "वर्कशॉपमध्ये नेऊन वेल्ड कर. वरून घासून पॉलिश कर. कुणाला कळणारही नाही. तुझा हात चांगला आहे."

चाप अजून शाबूत होता. जोडले की मी पुन्हा होते तशी होणार होते.

प्रबोधच्या पासचा अर्ज टेबलावर सहीसाठी पडला होता. तो मलाही दिसत होता आणि त्यांनाही.

"सर, दुसरं काहीही सांगा," ते म्हणाले. "हे मी नाही जोडणार. दुसऱ्या कुणाला सांगितलंत, तर मी त्यालाही सांगेन की हिने काय केलं."

सरांनी ड्रॉवर उघडला, मला आत टाकले, अर्ज माझ्या अंगावर टाकला आणि ड्रॉवर बंद केला.

आठ आठवडे मी त्या अर्जाखाली अंधारात होते. कधी कधी बाहेर प्रबोधचा आवाज यायचा, कामापुरता. त्या घरात त्या दिवसांत कुणाला झोप लागली असेल असे मला वाटत नाही. पास संपायला दोन दिवस राहिले तेव्हा ड्रॉवर उघडला. सरांनी अर्ज घेतला. हात माझ्यावर क्षणभर थांबला. मग पेनचा आवाज आला.

प्रबोध अर्ज न्यायला आले, तेव्हा सरांनी मान वर न करताच विचारले, "मुलीचा पाय कसा आहे?"

"बरा आहे, सर. खूण राहिली आहे."

"मी विचारायला हवं होतं," सर म्हणाले. "त्याच दिवशी."

मी अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे. सरांनी मला कुणाकडे जोडायला दिले नाही, फेकलेही नाही. पण ड्रॉवर उघडला की मला अजून भीती वाटते, आज तरी विचार बदलला नसेल ना? म्हणून मित्रांनो, उद्या मी तुमच्या हाती आले तर एवढे करा. मला जपून ठेवा. बाबाजीचे नाव कुठे लिहिता आले तर लिहा. माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवा. ती खरखरीत लागेल. ती तशीच राहू द्या. मला पुन्हा अखंड करू नका.